अकरा महिन्यांचा अंगठा

भाड्याच्या घराचा करार करून देणारा मुलगा घरी यायचा तेव्हा त्याच्याबरोबर लॅपटॉप, एक छोटा कॅमेरा आणि अंगठा टेकवायचं काडेपेटीएवढं यंत्र असायचं. मी ओट्यावरचे हात पुसून समोर बसायची, अंगठा ठेवायची, आणि ते यंत्र काही घ्यायचं नाही. पुन्हा ठेवा. जरा दाबून ठेवा. आता सरळ. तेवीस वर्षं मी ब्लाउज शिवतेय. सुई, खडू आणि गरम इस्त्री यांनी उजव्या अंगठ्यावरच्या रेघा गुळगुळीत करून टाकल्यात. "ताई, पदराला पुसा," तो म्हणायचा. मग, "थोडं खोबरेल लावून बघा." सासूबाई आतून वाटी आणून द्यायच्या. शेवटी डाव्या हाताच्या कुठल्यातरी बोटावर काम भागायचं आणि सगळ्यांनाच हायसं वाटायचं.

मुलुंड पूर्वेच्या त्या घरात आम्ही जून २०१८ मध्ये राहायला आलो. मिठागर रोडच्या आतल्या गल्लीतली चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि मशीन मावेल एवढी बंद केलेली गॅलरी. भाडं १४ हजार, डिपॉझिट ५० हजार. तेव्हापासून मार्च २०२४ पर्यंत सात करार झाले. दर अकरा महिन्यांनी तो मुलगा, ते यंत्र, ती खोबरेलाची वाटी. दर करारात भाडं हजाराच्या आसपास वाढायचं आणि दलालाला काही ना काही जायचं. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची, सोसायटीला कराराची प्रत द्यायची, शाळेला द्यायची, गॅसवाल्याला द्यायची. आपण इथं राहतो हे अकरा महिन्यांनी सगळ्यांना नव्यानं सांगायचं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांचा फोन आला. लेकीचे बारावीचे शेवटचे पेपर चालू होते, म्हणून मी फोन घेऊन गॅलरीत गेले.

"ताई, आपल्या बिल्डिंगचं फायनल झालं. बिल्डर मे महिन्यात ताबा घेणार म्हणतोय."

मालक पुण्याला मुलाकडे राहणारे, निवृत्त, बोलायला मऊ. सहा वर्षांत त्यांनी आम्हाला एकदाही चढ्या आवाजात काही म्हटलं नव्हतं. मार्च २०२० च्या शेवटी आमचा करार संपला तो नेमका टाळेबंदीत. कुणी अंगठा घ्यायला येऊ शकत नव्हतं, तर ते म्हणाले होते, राहा तुम्ही, कागद नंतर बघू. टाळेबंदीतल्या दोन महिन्यांचं अर्धं भाडं त्यांनी आपणहून सोडलं होतं. म्हणून त्या दिवशीही मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. आमचा चालू करार ऑक्टोबरपर्यंत होता हे मी सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, "हो, पण त्यात एक महिन्याच्या नोटिशीचं कलम आहे ना. मी तुम्हाला एप्रिलअखेरपर्यंत देतोय. धाकट्याची परीक्षा होऊ दे." खरंच होतं ते कलम. सात वेळा मी त्याच्याखाली बोट टेकवलं होतं.

लेकीला मी पेपर संपेपर्यंत काही सांगितलं नाही. पण तिनं विचारलं, "आई, मशीन का बंद आहे?" मी दुपारभर एकही शिलाई मारली नव्हती.

खरं तर आम्हाला आधीच कळायला हवं होतं. वर्षभर जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागत होत्या. प्रत्येक सूचनेची सुरुवात 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' अशी असायची. गच्चीवर सभा व्हायच्या, खुर्च्या वर नेताना आमचा धाकटाही हात लावायचा, आणि खुर्च्या लागल्या की तो खाली यायचा. एकदा मी सेक्रेटरींना विचारलं, बैठकीत काय ठरलं? ते वाईट माणूस नव्हेत. ते म्हणाले, "अजून काही नक्की नाही, आणि तसं तुमचं मालक बघतीलच." मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी दुसऱ्यांना हळूच सांगितलं, "भाडोत्री आहेत त्या." मी ऐकलं. घर भाड्यानं घेणाऱ्याला हा शब्द का लावतात मला कळत नाही. भाडोत्री म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याचं काम करणारा. आम्ही तर पैसे देत होतो.

पुनर्विकासाचा नियम मी नंतर समजून घेतला. सोसायटीच्या इमारतीचा पुनर्विकास कसा करायचा याचे सरकारचे निर्देश २००९ साली निघाले, आणि ४ जुलै २०१९ ला ते बदलले. आता ५१ टक्के सभासदांनी होकार दिला की पुढं जाता येतं. सभासद म्हणजे ज्याच्या नावावर शेअर सर्टिफिकेट आहे तो. तो पुण्यात राहो, दुबईत राहो. आमच्या इमारतीत २८ घरं. त्यातली ११ भाड्यानं दिलेली. म्हणजे ज्या माणसांच्या डोक्यावर ते छप्पर रोज होतं, त्यांतल्या दहातल्या चौघांना त्या छपराबद्दल कुणी काही विचारणार नव्हतं. नियमात तशी जागाच नाही.

आणि इमारत पाडायला हवी होती यात वाद नाही. आमच्या न्हाणीच्या छताचा पोपडा पडून सळ्या दिसत होत्या. पावसाळ्यात मी तिथं बादली ठेवायची. सभासदांना नवं, मोठं घर मिळणार होतं, ते होईपर्यंत तीन वर्षांचं भाडं बिल्डर देणार होता, सामान हलवायचा खर्च, दलाली, वर एकरकमी काही पैसे. मला त्यांचा हेवा वाटला, पण त्यांनी काही चोरलेलं नव्हतं. आयुष्यभराच्या हप्त्यांतून घेतलेली घरं होती ती. मला एवढंच म्हणायचंय की एकाच जिन्यावरून सामान उतरवणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाला जाण्याचे पैसे मिळाले आणि दुसऱ्यानं जाण्यासाठी पैसे उसने घेतले.

सासूबाईंच्या भाच्यानं सुचवलं, एकदा वकिलाला तरी विचार. बाईमाणसाला कायद्याची मदत फुकट मिळते, उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात मी कराराची पिशवी घेऊन गेले. माझ्या वयाच्याच एक वकीलबाई होत्या. त्यांनी सातही करार टेबलावर ओळीनं मांडले, शेवटचा उघडला, आणि एका शब्दाखाली पेन्सिलनं बारीक रेघ मारली.

"हे वाचा. यात तुम्ही भाडेकरू नाही. लायसन्सी आहात. मालकानं त्याच्या घरात राहायची परवानगी दिलीय, घर भाड्यानं दिलेलं नाही. कायद्याच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मी म्हटलं, सहा वर्षं आम्ही भाडंच देतोय. सगळे भाडंच म्हणतात. त्या म्हणाल्या, कागद म्हणत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्या कायद्यात भाडेकरूला घराबाहेर काढायचं तर मालकाला ठरावीक कारण सिद्ध करावं लागतं. लायसन्सवाल्याच्या बाबतीत कारणाची गरज नाही. मुदत संपली, घर रिकामं करा. नाही केलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज जातो, आणि जितके दिवस जास्त राहाल तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं द्यावं लागू शकतं. ऑक्टोबरपर्यंत भांडता येईल का, तर प्रयत्न करता येईल, पण नोटिशीचं कलम तुमच्या विरोधात आहे आणि बिल्डर थांबणार नाही. पाणी-वीज मात्र मालकाला परस्पर तोडता येत नाही. एवढं लक्षात ठेवा.

घरी येताना लोकलमध्ये मला बाबा आठवले.

लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली होती. भाडं महिन्याला अठरा रुपये. बाबा गिरणीत. खोलीत दाराच्या मागे एक तार वाकवून अडकवलेली, तिच्यात भाड्याच्या पावत्या ओवलेल्या. सगळ्यात खालच्या पावत्या आजोबांच्या नावाच्या, पिवळ्या, कडांना कुरतडलेल्या. ती तार म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू. घरात आग लागली तर आधी पोरं, मग तार, असं आई म्हणायची. १९७८ मध्ये चाळीच्या मालकानं बाबांवर दावा लावला. खोली स्वतःच्या गरजेसाठी पाहिजे. धोबीतलावाच्या लघुवाद न्यायालयात बाबा अकरा वर्षं तारखांना गेले. रात्रपाळी करून, दाढी करून, ती तार पिशवीत घालून. मधेच १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबला तो थांबलाच. पण तारखा चुकल्या नाहीत. खोली सोडावी लागली तर जास्त हाल मालकाचे होतील की भाडेकरूचे, हे न्यायालयानं तोलून बघायचं, असं कायद्यात होतं. न्यायाधीशांनी तोललं आणि बाबा जिंकले. १९८९ ची दिवाळी. मी तेरा वर्षांची होते. आईनं त्या तारेला हळदकुंकू लावलं.

बाबांना वाचवणारा कायदा १९४७ चा. त्यानं मुंबईतली भाडी सप्टेंबर १९४० च्या दरावर धरून ठेवली होती. युद्ध, फाळणी, घरांची टंचाई, अशा काळात गरिबाला रस्त्यावर येऊ न देणारा कायदा. त्या कायद्यामुळेच लालबाग, परळ, गिरगाव इतकी वर्षं कामगारांचं राहिलं. पण आमच्या चाळीच्या मालकाला अठरा रुपयांत छपराचं एक कौलही बदलणं जमत नव्हतं, हेही खरंच. जिना हलायचा, संडासाची टाकी फुटलेली असायची. मालक दुरुस्ती करत नाही म्हणून भाडेकरू चिडलेले, भाडं वाढत नाही म्हणून मालक चिडलेला. पुढं डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं की भाडी अशी गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, आणि मग १९९९ चा कायदा आला.

या गोष्टीचा दुसरा भाग मला वकीलबाईंनी सांगितला, आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही. जुन्या कायद्यातून सुटण्यासाठी मालकांनी घर भाड्यानं द्यायचंच बंद केलं आणि 'परवानगी' द्यायला सुरुवात केली. मग १९७३ साली सरकारनं दुरुस्ती केली, की १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक अशा परवानगीवर राहत होते त्यांना भाडेकरूच मानायचं. एका रात्रीत हजारो लोक सुरक्षित झाले. आणि त्याच रात्री मुंबईतल्या प्रत्येक घरमालकाच्या मनात भीती बसली, की आत घेतलेला माणूस उद्या बाहेर निघणार नाही. 'बसला की उठणार नाही' हे वाक्य मी प्रत्येक दलालाच्या तोंडून ऐकलंय. पन्नास वर्षं झाली, कायदा बदलला, १९९९ च्या कायद्यात मालकाच्या बाजूनं सगळी तरतूद झाली, तरी भीती तीच आहे. लोकांनी घरं कुलूप लावून ठेवली, पण दिली नाहीत. दिली तर अकरा महिन्यांसाठी.

अकराच का, हेही मी विचारलं. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, तो खर्च आणि ती कटकट टाळायला अकराची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांचा करारही लेखी करून नोंदवावाच लागतो. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. साठ महिन्यांपर्यंतचा करार करायला कायद्याची ना नाही. म्हणजे अकरा आकड्याचं कारण केव्हाच संपलंय, आकडा तेवढा उरलाय. मुलांची शाळा जूनपासून एप्रिलपर्यंत आणि ती दहा-बारा वर्षं चालते. सासूबाईंच्या मधुमेहाच्या तपासण्या दर तीन महिन्यांनी, जन्मभर. गिऱ्हाईक जोडायला पाच वर्षं लागतात. जगण्यातलं कुठलंच काम अकरा महिन्यांत पुरं होत नाही.

माझ्या बाबांना जो कायदा सांभाळत होता, त्याच्याच धास्तीनं माझ्यासारखीला कुणी सांभाळत नाही. हे मला त्या दिवशी लोकलमध्ये कळलं आणि मुलुंड कधी गेलं ते कळलं नाही. मी ठाण्याला उतरले.

बाबांची ती खोली कुठं गेली, असं लेक विचारते. १९९३ मध्ये पागडीनं विकली, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन भाडेकरूचा हक्क दुसऱ्याला दिला. गिरणी गेली होती, ताईचं लग्न होतं, डोक्यावर कर्ज होतं. पागडी घेणं-देणं तेव्हा गुन्हा होता, ती कायदेशीर झाली ती १९९९ च्या कायद्यानं. म्हणून सगळा व्यवहार कापडी पिशवीत. एक तृतीयांश मालकानं घेतला. बाबांनी ती तारही नव्या माणसाच्या हातात दिली, कारण पावत्यांशिवाय खोलीला किंमत नाही. मग ते गावी गेले. जी खोली न्यायालयात अकरा वर्षं झगडून राखली, ती चार वर्षांत पोटानं घेतली.

एप्रिलभर मी घर शोधलं. शाळेपासून चालत जाता येईल असं पाहिजे, सासूबाईंना जिना फार नको, आणि मशीनला उजेड. दलाल पहिल्यांदा माझ्या पायांकडे बघायचा, मग विचारायचा, फॅमिली किती, नोकरी कुठं, मांसाहार करता का. मशीनचं सांगितलं की चेहरा बदलायचा. "कमर्शियल चालणार नाही ताई, सोसायटी ऑब्जेक्शन घेते." एकानं सुचवलं, शिवता म्हणून सांगूच नका. पण शिवणाऱ्या बाईच्या दाराशी बायका येणारच. ते काय लपवायचं, आणि का?

भाड्याचे आकडे ऐकून पाय गळायचे. जे घर आम्ही १९ हजार ५०० मध्ये राहत होतो, तसंच गल्लीपलीकडे २७ हजार, २८ हजार. डिपॉझिट लाख, दीड लाख. केंद्र सरकारनं २०२१ साली आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केलाय, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये असं म्हटलंय. पण तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोपवलेलं आहे, आणि दलालाच्या टेबलावर त्याचा काही उपयोग नसतो.

भाडी एवढी का चढली ते एका घरात उभी असताना कळलं. नवघर रोडजवळचं पहिल्या मजल्यावरचं घर. खिडकी पूर्वेला, दुपारपर्यंत छान उजेड येईल अशी. मी खिडकीची रुंदी वितीनं मोजत होते, मशीन बसेल का बघायला. तेवढ्यात दलालाबरोबर आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आत आल्या. त्यांच्या दोन्ही सुनांचे ब्लाउज मी शिवलेले. दोघी एकमेकींकडे बघून गप्प झालो. त्यांनाही शाळेजवळच, देवळाजवळच, ओळखीच्या दुकानांजवळच घर पाहिजे होतं. एकाच वेळी आमच्या इमारतीतली अठ्ठावीस कुटुंबं, शेजारची एक इमारत पाडायला घेतलेली तिच्यातली वीस-पंचवीस, सगळी एका किलोमीटरच्या आत घर शोधत होती. आणि त्यातल्या सभासदांचं भाडं बिल्डरच्या चेकनं येणार. दलालाला ते ठाऊक असतं. त्यानं काकूंना २८ सांगितलं, त्या हो म्हणाल्या. काकू जिन्यात थांबून म्हणाल्या, "अगं, मला वाईट वाटतंय गं." मी म्हटलं, काकू, घर चांगलं आहे, घ्या. मला ते मनापासूनच म्हणायचं होतं. त्यांच्या जागी मीही घेतलंच असतं.

माझा नवरा एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहितो. ३२ हजार पगार. माझे शिलाईचे दहा-बारा. २८ हजार भाडं आम्ही एक महिना भरू शकलो असतो, फार तर दोन. तिसऱ्या महिन्यात थकबाकी. थकबाकी कशी सुरू होते आणि कुठं नेते ते मी तळमजल्यावरच्या कुटुंबाचं बघितलं होतं. तो माणूस लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाची कंत्राटं घ्यायचा. टाळेबंदीत लग्नंच नाहीत. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना सांगितलं होतं की किमान तीन महिने भाडं मागणं पुढं ढकला, त्यासाठी कुणाला घराबाहेर काढू नका. पुढं ढकललं, माफ झालं नव्हतं. तीन महिन्यांचं साचलेलं भाडं चौथ्या महिन्यात एकदम उभं राहिलं. आधी डिपॉझिटमधून वळतं झालं. डिपॉझिट संपल्यावर मालकापाशी रोखून धरायला काही उरलं नाही आणि भाडेकरूपाशी पुढच्या घराला द्यायला काही उरलं नाही. एका पहाटे टेम्पो आला. बाई मला मापासाठी दिलेला जुना ब्लाउज परत मागायला आली, तेव्हा कळलं की ती जाणार आहे. शिवलेल्या नव्या ब्लाउजचे पैसे तिच्याकडे नव्हते. मी दोन्ही तिच्या पिशवीत घातले. त्या घरातल्या कुणाला आळस नव्हता, दारू नव्हती, वाईट खोड नव्हती. लग्नं थांबली, एवढंच.

आणि माझ्या चुलत बहिणीनं तर एक दिवसही भाडं चुकवलं नव्हतं. डोंबिवलीला तिच्या दारावर एका सकाळी बँकेनं कागद चिकटवला. मालकानं त्या घरावरच कर्ज काढलेलं, हप्ते भरलेले नाहीत, बँक घर ताब्यात घेणार. तिचं भाडं दर पाच तारखेला मालकाच्या खात्यात जात होतं. तिथून पुढं ते कुठं गेलं याच्याशी तिचा काय संबंध? पण सामान तिचंच बाहेर आलं, आणि डिपॉझिट अजून मिळालेलं नाही.

मुलुंडची भाडी झेपणारी नव्हती, म्हणून आम्ही मुलुंड सोडलं. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून रिक्षानं पंधरा मिनिटं, साडेतेरा हजारांत घर मिळालं. मुलुंडच्या मालकांनी आमचं डिपॉझिट शेवटच्या दिवशी पुरं परत केलं, रंगाचे पैसेही कापले नाहीत. ही गोष्ट लिहून ठेवायला हवी, कारण ती सर्रास होत नाही.

सामान बांधताना सगळ्यात जास्त वेळ लागला तो मापांच्या वहीला. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही. एकेका पानावर एकेक बाई. छाती, कंबर, खांदा, बाही, गळा पुढून, गळा मागून. कुणाचा डावा खांदा उतरता, कुणाला काखेत सैल लागतं, कुणाचं ऑपरेशन झालंय म्हणून एका बाजूला अस्तर जाड. एका पानावर तर एकाच मुलीची चार मापं होती, परकर-पोलक्यापासून लग्नाच्या शालूवरच्या ब्लाउजपर्यंत. चाळीसेक पक्की गिऱ्हाइकं. ती सगळी दहा मिनिटांच्या अंतरातली. डोंबिवलीला ब्लाउज टाकायला मुलुंडहून कोण येणार? इमारतीतल्या सभासदांना तीन वर्षांनी परत यायचं होतं. माझी गिऱ्हाइकं मला परत यायला कुठली तारीख देणार? नवरा म्हणाला, वही रद्दीत देऊ नकोस. मी कणकेच्या डब्यात ठेवून आणली, भिजू नये म्हणून.

धाकट्यानं शाळा बदलायला नकार दिला. तो एवढ्या तेवढ्यावर हट्ट करणारा मुलगा नाही, म्हणून आम्ही ऐकलं. जूनपासून तो पहाटे साडेपाचला उठायचा आणि डोंबिवलीहून स्लो लोकलनं मुलुंडला जायचा. पहिले पंधरा दिवस मी ठाण्यापर्यंत बरोबर जायची, कारण दिवा-मुंब्र्याची सकाळची गर्दी मला माहीत आहे. सोळाव्या दिवशी तो म्हणाला, आई, तू नको येऊस, तुझं काम बुडतं.

नवा करार करताना मी पहिल्यांदाच तोंड उघडून मागितलं. घरमालक बाई होत्या, आमच्याच वयाच्या. मी म्हटलं, छत्तीस महिन्यांचा करा. भाडं दर वर्षी ठरवून वाढवा, मी लिहून देते. त्या दचकल्या. म्हणाल्या, एवढं कुणी करत नाही हो. मी त्यांना बसवलं, चहा केला, आणि सांगितलं की कायद्यानं पाच वर्षांचाही होतो. नोंदवलेला करार आहे, मुदत संपल्यावर मी राहिले तर दुप्पट भाडं भरायचंय, ते मला कुठून जमणार? तुमचं घर कुठं जात नाही. मला फक्त मुलाची शाळा होऊ द्या. त्यांनी नवऱ्याला फोन लावला, स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बोलल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "चोवीस करते. चालेल?" नोटिशीच्या कलमातही पहिले अठरा महिने दोन्ही बाजूंनी घर सोडायचं-सोडवायचं नाही असं घालून घेतलं.

करार करणारी या वेळी एक मुलगी होती. यंत्रानं अंगठा घेतला नाही. तिनं पिशवीतून ओला टिश्यू काढून दिला, मग तर्जनी, मग मधलं बोट. करंगळीवर दिवा हिरवा झाला.

१ मे २०२४ ते ३० एप्रिल २०२६. कागद हातात आल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी उभी राहून बोटांवर महिने मोजले. धाकटा तेव्हा नववीत. त्याची दहावीची परीक्षा मार्चमध्ये, म्हणजे तेविसाव्या महिन्यात.